घट्ट पाणी

तवकिरीची चिमूट दोन बोटांत धरून कधी हलकेच चोळून पाहिली आहे तुम्ही? ती कुरकुरते. नव्या रेशमी वस्त्राची घडी उलगडताना जो एक अस्फुट, कोवळा ध्वनी उमटतो, तसाच ध्वनी त्या शुभ्र चूर्णातून उमटतो आणि बोटांच्या टोकांना एकाएकी गारवा जाणवतो. तिला गंध नाही. चव म्हणावी तर तीही नाही. रंग पांढरा, पण सकाळच्या उन्हात धरली तर त्या पांढरेपणाच्या तळाशी एक निळसर झाक दिसते, निरशा दुधाला असते तशी. पीठ म्हणावं तर ते पिठासारखं हाताला चिकटत नाही, आणि साखर म्हणावी तर तिचे कण डोळ्यांना दिसत नाहीत. रानातल्या एका कंदाचं हे सत्त्व. हळदीच्या कुळातला तो कंद, पावसाळ्यात रुंद पानं मिरवणारा आणि थंडी पडली की पानं टाकून मातीखाली निजणारा.

साठ वर्षं मी तवकीर खात आलो. उपवासाच्या दिवशी वेलचीच्या वासाची खीर म्हणून, तापातून उठल्यावर पेज म्हणून, वैशाखात अंगाची लाही होऊ लागली की खडीसाखर घातलेलं गार पाणी म्हणून. इतक्या वेळा जी माझ्या मुखातून गेली, ती येते कुठून, होते कशी, हा प्रश्न मला एकदा तरी पडला होता का? नाही पडला. डोंबिवलीच्या एका शाळेत मी तेहतीस वर्षं मराठी शिकवलं. समास सोडवले, अलंकार ओळखायला लावले, वृत्तांचे गण पाठ करून घेतले. पण स्वयंपाकघर हा प्रांत मंदाचा, माझ्या पत्नीचा, आणि त्या प्रांताच्या उंबऱ्यावर उभं राहून चहा मागणं एवढाच माझा त्याच्याशी संबंध होता.

भाद्रपदातल्या एका सकाळी मंदा देवासाठी फुलं निवडत बसली होती आणि तिच्या उजव्या हातातून परडी निसटली. ती उचलायला म्हणून वाकली, ती तशीच कलंडली. अर्धांगाचा झटका. रुग्णालयात तीन आठवडे गेले. जीव वाचला, उजवा पायही हळूहळू जमिनीला ओळखू लागला. पण दोन गोष्टी गेल्या. एक म्हणजे भाषा. समोरच्याचं सगळं तिला कळत होतं, डोळ्यांत ते स्पष्ट उमटत होतं, पण बोलायला जावं तर तोंडातून एकच शब्द निघे, “बघू.” पंखा लावू का? बघू. लेकीला फोन लावू? बघू. खूप दुखतंय का गं? बघू! घरात चाळीस वर्षं जिचा आवाज खेळला, तिच्यापाशी साऱ्या शब्दसंपत्तीतून तेवढा एक उरावा, आणि तोही असा सगळं पुढे ढकलणारा!

दुसरी गोष्ट गेली ती गिळण्याची. तुम्हाआम्हाला पाणी पिणं ही कृती वाटतच नाही, इतकी ती सहज. पण घशातल्या त्या चिमुकल्या झडपेला वेळेवर मिटायचं भान राहिलं नाही, की पातळ पाणी सगळ्यांच्या आधी धावतं आणि अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत शिरतं. मऊ भात मंदा गिळू शकत होती. पाणी मात्र तिला घातक ठरत होतं. आमची लेक केतकी बाळकुमला राहते; रुग्णालयातून पहिले काही दिवस आम्ही तिच्याकडेच होतो. तिच्या घराजवळच गिळण्याचे आणि बोलण्याचे व्यायाम करून घेणारी एक तरुण थेरपिस्ट होती. तिने पहिल्याच दिवशी मला समोर बसवून बजावलं, “काका, पातळ काहीही नाही. पाणी नाही, चहा नाही, ताकसुद्धा नाही. जे द्याल ते घट्ट करून. चमचा तिरका केला की मधासारखं सावकाश ओघळलं पाहिजे. तसं झालं तर आपल्याला वेळ मिळतो. मग तो घसा हळूहळू शिकतो.”

पाणी घट्ट करायची तयार पावडर औषधांच्या दुकानात मिळते. ती आणली. मंदाने पहिला चमचा तोंडात घेतला, क्षणभर थांबली आणि माझ्या सदऱ्यावर सोडून दिला. दुसऱ्या दिवशी तिने ओठच मिटून घेतले. समजावलं, रागावलो, शेवटी हातही जोडले. ती मान फिरवून खिडकीकडे पाहत राही. चार दिवसांत तिचे ओठ सुकून त्यांना भेगा पडल्या, जिभेवर पांढरा थर आला, ती सारखी झोपू लागली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, “आठवडाभर बघतो. पाणी पोटात जाईना तर नाकातून नळी पुन्हा घालावी लागेल.” त्या नळीने रुग्णालयात तिचे किती हाल केले होते ते मी पाहिलं होतं. तिचा डावा हात पलंगाला बांधून ठेवावा लागला होता, उपसून टाकेल म्हणून.

आम्ही डोंबिवलीला आमच्या घरी परतलो होतो. त्या दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या माझा डोळा लागला असावा. जाग आली ती वॉकरच्या टकटकीने. मंदा पलंगावर नव्हती! धावलो, तर ती स्वयंपाकघरात, वॉकरला टेकून, डाव्या हाताने फळीचा काठ धरून उभी. तिची नजर वरच्या फळीवर होती.

“काय हवंय? साखर?”

“बघू,” ती म्हणाली आणि मान जोराने हलवली. नाही.

“रवा? पोहे? साबुदाणा?”

“बघू! बघू!” आता आवाजात संताप होता. मी एकेक डबा खाली काढून तिच्यासमोर धरत गेलो. सातवा की आठवा डबा छोटा, पितळी, घट्ट झाकणाचा. तो पाहताच तिने माझ्या हातावर आपला डावा पंजा ठेवला आणि तसाच दाबून धरला. उघडून पाहिलं तर आत तवकीर. मंदाचं माहेर मुरबाडकडचं. तिची भावजय दर उन्हाळ्यात स्वतः काढलेली तवकीर पाठवत असे. ती भावजय गेल्यापासून येणं बंद झालं होतं. डब्यात होती ती शेवटची.

मी मूढासारखा उकळत्या पाण्यात दोन चमचे तवकीर टाकली. झालं! पांढऱ्या गोळ्या गोळ्या झाल्या, बाहेरून लिबलिबीत, आत कोरडं पीठ. मंदाने कपाळावर हात मारला. मग वाटीकडे बोट, नळाकडे बोट. आधी गार पाण्यात कालवायची, हे मला त्या दिवशी कळलं. कालवलेलं ते पांढरं पाणी मंद आचेवरच्या भांड्यात सोडून मी ढवळू लागलो. बराच वेळ काहीच होईना. आणि मग, चमच्याला एक जडपणा जाणवला. दुधट पाणी बघता बघता पारदर्शक होऊ लागलं, धुकं विरून समोरचा डोंगर स्वच्छ दिसावा तसं. आणि पातळपणा जाऊन त्याला एक संथ, गंभीर हालचाल आली. इतक्यात मंदाने डाव्या हाताने गॅस बंद केला. फार उकळली की तवकीर पुन्हा सैल पडते, हेही मला पुढे बऱ्याच चुका केल्यावर उमजलं.

मग तिने चहाच्या डब्याकडे बोट दाखवलं.

तवकीर घालून घट्ट केलेला चहा तुम्ही कधी प्यायला नसाल. दिसायला तो काही फारसा बरा दिसत नाही. पण त्या तयार पावडरीची जी एक कागदी चव चहावर स्वार होत होती, ती इथे नव्हती. आलं आल्यासारखं लागत होतं, चहा चहासारखा. तवकिरीने स्वतःची अशी काही भरच घातली नव्हती. मंदाने पहिला चमचा घेतला. मी तिच्या गळ्याकडे पाहत होतो. हनुवटी छातीकडे झुकवून, थेरपिस्टने शिकवल्याप्रमाणे, तिने गिळलं. ठसका नाही. दुसरा चमचा. तिसरा. अर्धा कप संपला तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि माझ्या डोळ्यांची गोष्ट मी कशाला सांगू?

पण असा आनंद एका दमात पुरा होत नाही. दोन दिवसांनी ती मोठी वाटी भरून पेज घेत होती. अर्ध्याहून अधिक संपली आणि अचानक जोराचा ठसका लागला. चेहरा लाल, डोळे विस्फारलेले, श्वास अडकलेला. मी पाठ चोळत राहिलो, तिला पुढे वाकवलं, देवाचं नाव घेतलं. मिनिटभराने श्वास मोकळा झाला. वाटीत पाहतो तो काय, उरलेली पेज पाण्यासारखी पातळ! मीच तर घट्ट केली होती. मग या पेजेला झालं काय? कुणाचा शाप लागला?

दुसऱ्याच दिवशी केतकीची गाडी मागवून बाळकुमला निघालो. शीळफाट्याच्या गर्दीत तासभर गाडी जागची हलेना. मागच्या सीटवर मंदा माझा हात धरून बसलेली आणि माझ्या मांडीवर तवकिरीचा डबा, आरोपीला हजर करावं तसा. थेरपिस्टने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “चमचा एकच होता का, काका? तोच तोंडात, तोच वाटीत?”

“अर्थात.”

“मग लाळ वाटीत गेली. लाळ पिठाला पचवायला लागते. तोंडात जे काम सुरू होतं ते वाटीतच सुरू झालं. म्हणून पातळ झालं.” तिने माझ्यासमोर वाटीत थोडी घट्ट तवकीर करायला लावली, चमच्याने ओघळून पाहिली, मंदाला दोन घास देऊन तिच्या गळ्यावर बोटं ठेवून तपासलं. “ही चालेल. पण मोठं भांडं वेगळं, खायची वाटी वेगळी, दोन्हींचे चमचेही वेगळे. वाटीत एका वेळी चार चमचेच घ्यायचे. आंबट काही असेल तर ते सैल करतं, तेव्हा कोकम, लिंबू सांभाळून. आणि प्रत्येक वेळी आधी चमचा तिरका करून बघायचा. कंटाळा करायचा नाही.”

मी वहीत लिहून घेतलं. तेहतीस वर्षं मी मुलांना लिहून घ्यायला सांगत होतो.

पंधरवड्यात डब्याचा तळ दिसला. कोपऱ्यावरच्या दुकानातून तवकिरीचं पाकीट आणलं. शिजवल्यावर ती पारदर्शक होईचना. चुन्याच्या निवळीसारखी पांढुरकी राहिली आणि तिला कच्च्या मक्याच्या पिठाचा वास. मंदाने वाटी नाकाशी नेली आणि परत माझ्या हातात दिली. दुसरं पाकीट, तिसरं पाकीट. काही बरं, काही वाईट, पण तिच्या डब्यातलं त्यात काही नव्हतं. ओठांच्या भेगा पुन्हा दिसू लागल्या. तेव्हा कुणीतरी सांगितलं, कल्याणच्या बाजारात मुरबाडकडच्या ठाकर बाया रानातला माल घेऊन बसतात, तिथे बघा.

मार्गशीर्षाचे दिवस होते. बाजाराच्या कडेला, भाजीवाल्यांच्या रांगेच्या अगदी शेवटी, एक वृद्ध बाई गोणपाट अंथरून बसली होती. समोर करांद्यांचा ढीग, पळसाच्या पानांच्या जुड्या, आणि एका टोपलीत मातीने माखलेले, बोटभर लांबीचे कंद. हिराबाई तिचं नाव, हे मला नंतर कळलं. मी विचारलं, “तवकीर आहे का, बाई?”

“तवकीर मंग उन्हाळ्याकडं निघंल. आता कंद हाय. न्हे.”

“पण मला पीठ हवंय.”

“पीठ याच्यातूनच निघतं ना! झाडाला लागतं काय?” ती हसली आणि माझ्याकडे नीट निरखून पाहू लागली. “घरात बाई आजारी हाय का रं तुझी?”

मी चमकलो. “तुम्हाला कसं कळलं?”

“तवकीर मागाया एकटा बाप्या आला, म्हंजी घरात बाई उठत नाय.”

मी तिच्या गोणपाटाच्या कडेला उकिडवा बसलो आणि सगळं सांगितलं. परक्या माणसाला इतकं भडाभडा मी आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं. मला भेटणारा जो तो ‘सर’ म्हणतो. तिचं ते ‘रं’ आणि ‘तू’ कानाला किती मायेचं वाटलं! तिने एक कंद उचलून नखाने सोलला. आत हस्तिदंती गर, आणि हळदीची आठवण देणारा रानवट, तिखट वास. “ह्यो धू. सोल. किस. पाण्यात कालव आन् फडक्यातून गाळ. मंग बसू दे. वरचं कडू पाणी फेकायचं, दुसरं घालायचं. परत बसू दे. कडू जाईस्तवर.”

“किती वेळा?”

“आता ते मी कसं सांगू? जिभेवर घालून बघ.” आणि टोपली माझ्या पिशवीत रिकामी करता करता म्हणाली, “तुझ्या बायकोला ठावं असंल. मुरबाडची ना ती? तिला पुढं बसव. एकला करू नको.”

तसंच केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मंदाची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात ठेवली आणि मी ओट्याशी उभा राहिलो. कंद सोलताना बोटं पिवळी पडली, किसताना दोनदा सोलवटली. धोतराच्या जुन्या पानातून तो चोथा पिळून पिळून गाळला. पातेलंभर पिवळट, गढूळ पाणी निघालं. मी ते चाखलं आणि थुंकलो. कारल्याला गोड म्हणावं इतकं कडू! तासभर वाट पाहिली. पाणी तसंच गढूळ. मी पातेलं हलवून पाहिलं, आणखी गढूळ झालं. एवढा खटाटोप करून यात काहीच नाही, कंदच वाईट निघाले, असं वाटून मनाचा विलक्षण हिरमोड झाला आणि मी पातेलं उचलून मोरीकडे वळलो.

“अहो!”

मी थांबलो. पातेलं हातात तसंच. तीन महिन्यांत ‘बघू’खेरीज एक शब्द न उमटलेल्या तोंडातून तो शब्द आला होता, खणखणीत, थोडा रागावलेला, अगदी पूर्वीसारखा. चाळीस वर्षांत तिने मला नावाने हाक मारली नव्हती. तिच्या तोंडी माझं नाव तेच होतं. मी वळून पाहिलं तर तीही आपल्याच आवाजाने दचकली होती. तोंडावर हात ठेवून बसली होती. मग तिने तो हात पुढे केला, पंजा जमिनीकडे, आणि सावकाश, अतिशय सावकाश, खाली नेला. बसू दे. खाली बसू दे.

मी पातेलं ओट्यावर ठेवलं आणि तिच्या पायाशी जमिनीवर बसलो. आम्ही दोघं बराच वेळ हसत होतो की रडत होतो, मला आजही ठरवता येत नाही.

दुपार कलल्यावर पाहिलं. वरचं पाणी सोनेरी आणि नितळ झालं होतं. हळूच ओतून टाकलं आणि तळाशी ती होती! पातेल्याच्या बुडाला घट्ट धरून बसलेला शुभ्र थर. मी बोटाने टोकरलं, तर दगडासारखा. मंदाने माझं बोट धरलं आणि त्या थरावर नुसतं टेकवून ठेवलं. क्षणभराने बोट लोण्यात रुतावं तसं आत गेलं! जोर केला की ती आडवी येते, धीर धरला की वाट देते. पदार्थविज्ञान याला काय म्हणतं मला ठाऊक नाही. पण आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्याने त्या थरावर एकदा बोट टेकवून पाहावं, एवढं मात्र मी अनुभवाने सांगेन. मंदाला घाई करून मी किती वेळा ‘बोल ना, प्रयत्न कर ना’ म्हणत आलो होतो!

मग रोज सकाळी नवं पाणी घालायचं, ढवळायचं, बसू द्यायचं, दुपारी वरचं चाखून ओतून टाकायचं. पहिल्या दिवशीचं कडू जहर, दुसऱ्या दिवशी कडू, तिसऱ्या दिवशी कडवटपणाची नुसती आठवण. चौथ्या दिवशी मी चमचा जिभेवर ठेवला आणि मंदाकडे पाहून मान हलवली. कडवटपणा पाण्यात विरघळतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. सत्त्व विरघळत नाही, ते तळाशी आपली जागा धरून राहतं. निसर्गाने ही सोय करून ठेवली नसती, तर रानातला तो कडू कंद कुणाच्या मुखी लागला असता? आणि हे पहिल्यांदा ओळखणारी बाई कोण असेल? किती वेळा तिने कडू पाणी ओतून टाकलं असेल, आणि कुणासाठी?

गच्चीवर पांढऱ्या कापडावर तवकीर वाळत घातली, वरून मलमल. डोंबिवलीची धूळ आणि कबुतरं यांच्यापासून तिचं रक्षण करायला मी छत्री घेऊन तिथेच बसलो. सोसायटीतले लोक जाता येता चौकशी करून गेले. दोन दिवसांच्या उन्हाने ती खडे धरून फुटली; हाताने चुरडल्यावर बोटांत कुरकुरली. भरल्या पिशवीतून जेमतेम दीड वाटी! मंदाची भावजय दर वर्षी तो पितळी डबा भरून पाठवत असे, तेव्हा मी ‘पोचली म्हणून कळव’ एवढंच म्हणत असे. किती कृतघ्न असतो माणूस, आणि तेही नकळत!

ती थंडी आमची तवकिरीत गेली. मी दर पंधरवड्याला हिराबाईकडे जाई, ती टोपली बाजूला ठेवत असे आणि आधी विचारी, “बोलली का?” मी एकेक शब्द तिला सांगत असे. अहो. पाणी. नको. केतकी. एकदा ‘मीठ’, तेही खूप रागाने. दुधातली तवकीर, गुळाची तवकीर, भाज्यांच्या कढणाला दाटपणा देणारी तवकीर. तुपावर परतून वड्या थापायलाही मंदाने खुणांनी शिकवलं. कोकमाचं सार मात्र हट्टाने सैल पडत राहिलं, तेव्हा शेवटी तवकीर आधी शिजवून, निवल्यावर त्यात कोकमाचं पाणी थोडंथोडं कालवायची युक्ती आम्ही शोधली. मंदाच्या ओठांवरच्या भेगा मिटल्या. डोळ्यांत तरतरी आली. नळीचं नाव डॉक्टरांनी पुन्हा काढलं नाही.

थेरपिस्ट दर खेपेला घट्टपणा थोडा कमी करत गेली. मधासारखं, मग त्याहून सैल, मग ताज्या ताकासारखं. फाल्गुनात एका सकाळी तिने मंदाच्या पुढ्यात एक साधी वाटी ठेवली. “काकू, आज हे.” त्यात पाणी होतं. नुसतं पाणी! तिने चमचाभर भरलं. मंदाने हनुवटी झुकवली. खोलीत आम्ही तिघं, आणि एकाचाही श्वास चालू नव्हता. तिने गिळलं. थेरपिस्टची बोटं तिच्या गळ्यावर होती. ती कानोसा घेत राहिली. ठसका नाही, घरघर नाही. पुन्हा एक चमचा. मंदाने डोळे मिटले आणि कितीतरी वेळ उघडले नाहीत. पाण्याला चव असते असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं मी वाचलं. “रोज पाच चमचे, बसून, सावकाश. बाकी अजून तवकीर,” थेरपिस्ट म्हणाली आणि तिने आपले डोळे पुसले.

त्यानंतरच्या आठवड्यात आम्ही पुन्हा तिथे गेलो, तेव्हा बाहेरच्या बाकावर एक चाळिशीची बाई बसली होती. शेजारी चाकाच्या खुर्चीत तिचे वडील, मान एका बाजूला कललेली, हनुवटीखाली रुमाल. तिच्या हातात तीच तयार पावडर घातलेली वाटी होती. ती त्यांना विनवत होती, “अप्पा, एक चमचा घ्या ना. फक्त एक.” अप्पांनी ओठ मिटून घेतले होते. तिने वाटी खाली ठेवली, आमच्याकडे पाहिलं आणि एकदम म्हणाली, “कालपासून काही प्यायले नाहीत हो. थुंकून टाकतात. मी काय करू तेच कळत नाही.”

मी खाकरलो. हा माझाच विषय! “असं बघा,” मी वर्गातल्या आवाजात सुरुवात केली, “तवकीर म्हणून एक पदार्थ असतो. हळदीच्या कुळातला एक रानकंद, त्याचं सत्त्व...”

माझ्या मनगटावर मंदाचा डावा हात आला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग त्या बाईकडे.

“मी,” ती म्हणाली. थांबली. ओठ हलले, पुन्हा मिटले. “मी... सांगते.”

दोन शब्दांचं वाक्य. कर्ता आणि क्रियापद. झटक्यानंतरचं तिचं पहिलं पूर्ण वाक्य, आणि त्यात ती स्वतः होती! मी तोंड मिटलं.

ती बाई आपली पिशवी घेऊन आमच्या बाकावर सरकली, मंदाच्या अगदी जवळ. “सांगा ना, काकू.”

“गार... पाणी. आधी,” मंदा म्हणाली. डाव्या हाताने तिने हवेत वाटी धरली. मग पुढचा शब्द हरवला. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या, डोळे वर गेले, ती तो शब्द शोधत राहिली. मला तो माहीत होता. माझ्या ओठांवर आला होता. मी तो गिळला. ती बाईही घाईने काही न सुचवता वाट पाहत राहिली. अप्पांची नजरही आता मंदाकडे वळली होती.

“का... लव,” मंदा म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला. “कालव. मग गॅस. बारीक.”

“गार पाण्यात आधी कालवायचं, मग बारीक गॅसवर,” त्या बाईने आपल्या मोबाइलमध्ये टिपून घेतलं. “ढवळत राहायचं का?”

“हो. ढवळ... ढवळ.” मंदाने हात गोल फिरवला. “अन् चमचा... दोन.”

“दोन चमचे तवकीर?”

मंदाने जोराने मान हलवली. नाही, नाही. एक बोट आपल्या तोंडाकडे, दुसरं त्या वाटीकडे. तोंडातला चमचा वेगळा, भांड्यातला वेगळा. ज्या ठसक्याने तिचा जीव जाऊ पाहत होता, तो ती दुसऱ्या कुणाला लागू देणार नव्हती. बाईला ते उमगेना. मंदाने पुन्हा पहिल्यापासून खुणा सुरू केल्या, तितक्याच शांतपणे.

आतून दार उघडलं आणि थेरपिस्टने मंदाचं नाव पुकारलं. मी वॉकर पुढे केला. मंदाने दाराकडे पाहिलंही नाही. तिने हात वर करून थेरपिस्टला थांबायला सांगितलं. तिचं सांगून झालं नव्हतं.